फांदीचे देणे

फांदी मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणू नये, असा एक अलिखित नियम आपल्याकडे पूर्वापार चालत आला आहे. वाटीभर साखर मागायला आलेल्या शेजारणीला एखादे वेळी "आजच संपली बाई" असे सांगता येते. उसने पैसे मागणाऱ्याला तर पुष्कळदा तसे सांगावेच लागते. पण जास्वंदीची छाट, निशिगंधाचे दोन कंद, गवती चहाचे ठोंब किंवा कर्दळीचा गड्डा यांना नकार देणाऱ्याला लोक नुसता कंजूष म्हणत नाहीत, विक्षिप्त म्हणतात. कारण उघड आहे. साखर दिली की डबा तेवढा रिता होतो. फांदी दिली म्हणून झाड रिते होत नाही. पावसाळ्याच्या तोंडी छाटलेले झाड उलट जोमाने फुटते. मनीप्लँट तर चोरून आणलेलाच चांगला वाढतो, अशी समजूत घरोघर आहे. म्हणजे या एका व्यवहारात आपण चोरीलासुद्धा शकुनात जमा करून टाकले आहे! आणि मागून आणलेले झाड आपल्या दारात कितीही वर्षे वाढले, तरी ते पूर्णपणे आपले होत नाही. "ही माहेरची तुळस", "हा काकूंकडचा सोनचाफा", अशी त्याची ओळख राहते. किंमत कोणी घेत नाही, पण नाव मात्र कोणी विसरत नाही.

देण्याच्या दोन जाती आहेत असे म्हणता येईल. धान्य, सोने, गाय, जमीन यांचे दान केले की ती वस्तू दात्याच्या हातून जाते. म्हणूनच त्या दानाला पुण्य चिकटले. विद्या, ज्योत आणि फांदी यांचे तसे नाही. दिवाळीच्या पहिल्या संध्याकाळी घरातली वडीलधारी बाई एक पणती लावते आणि तिच्यावरून पुढच्या पणत्या लागत जातात. उंबरठ्यापासून कुंपणापर्यंत ओळ पेटली तरी पहिल्या पणतीचा उजेड गुंजभरही कमी होत नाही. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, जी वस्तू दिल्याने दात्याचे काहीच उणे होत नाही, ती देण्याचे नाकारण्याचा अधिकार कोणाला असू शकतो काय?

एके काळी हा प्रश्न ओसरीवरच्या रिकाम्या गप्पांत शोभला असता. आज तो निदान नाशिक जिल्ह्यात तरी पोटापाण्याचा प्रश्न झाला आहे.

नाशिकला मोगलांच्या अमदानीत गुलशनाबाद म्हणत. पेशव्यांच्या काळात जुने नाव परत आले, पण फुलांनी काही गाव सोडले नाही. दिंडोरी तालुक्यात जानोरी-मोहाडीच्या बाजूला गेलात तर द्राक्षांच्या मांडवांमधून पांढऱ्या प्लॅस्टिकची लांबच लांब छपरे दिसू लागतात. ही पॉलिहाऊसे. काहींत गुलाब असतो, काहींत जरबेरा. गुलाबाचे रोप अजूनही जुन्याच रीतीने होते; रानगुलाबाच्या खुंटावर हव्या त्या वाणाचा डोळा भरतात. जरबेराची गोष्ट मात्र निराळी. तळहाताएवढे, बशीसारखे पसरलेले, लाल, पिवळे, केशरी, गुलाबी असे हे फूल आपण लग्नाच्या मांडवात आणि सत्काराच्या गुच्छात नेहमी पाहतो. पाकळ्या दुखावू नयेत म्हणून काढणीनंतर प्रत्येक फुलाला प्लॅस्टिकची टोपी घालतात. शेतकऱ्याला विचारले की रोपे कोठली, तर तो सांगतो, "टिश्यूची." शास्त्रीय मराठीत याला ऊतिसंवर्धन म्हणतात. संरक्षित वाण असेल तर या रोपांबरोबर एक अटही येते: यांच्यापासून पुढे रोपे करू नयेत, विकू नयेत. म्हणजे फांदी मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणावे, असे आता कागदावर लिहून येऊ लागले आहे.

हे रोप तयार कसे होते ते आधी पाहू. त्यावाचून त्याचा मालक ठरवता येणार नाही.

जरबेरा मूळचा दक्षिण आफ्रिकेतला. तेथल्या बार्बर्टन गावाच्या परिसरात तो रानात उगवत असे आणि इंग्रजीत त्याला आजही बार्बर्टनची डेझी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो युरोपात गेला, तेथे त्याचे संकर झाले आणि आज दिसणारे रंग त्यातून निघाले. पण त्याच्या बियांपासून रोप केले तर ते आईसारखे निघेलच असे नाही. केशरी फुलाच्या पोटी फिकट गुलाबी येते, दांडा आखूड होतो. आईसारखेच हवे असेल तर जुने गड्डे फोडून लावावेत. त्यात वर्षाकाठी मोजकीच रोपे मिळतात आणि आईचे रोगही लेकीच्या घरी जातात.

प्रयोगशाळेत यावर तोड निघाली. पानांच्या बुडाशी दडलेली अगदी कोवळी कळी किंवा वाढीचे टोक काढतात, जंतुनाशकाने धुतात आणि काचेच्या बाटलीत, खिरीसारख्या थिजलेल्या पोषणद्रव्यावर ठेवतात. त्यात क्षार असतात, जीवनसत्त्वे असतात, लिटरला तीसेक ग्रॅम साखर असते आणि अगदी थेंबभर वाढीची संप्रेरके. संप्रेरकांचे प्रमाण एका बाजूला झुकवले की कोंब फुटतात, दुसऱ्या बाजूला झुकवले की मुळ्या. फुलायला निघालेल्या कळीला मागे फिरवून पुन्हा झाड व्हायला लावायचे, असा हा प्रकार आहे.

वनस्पतीच्या एकेका पेशीत सबंध झाड होण्याची शक्ती असली पाहिजे, हा विचार ऑस्ट्रियातील गॉटलिब हाबरलँट यांनी १९०२ मध्ये मांडला. त्यांचे स्वतःचे प्रयोग मात्र साधले नाहीत. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी विषाणूने पछाडलेल्या डेलियाच्या वाढत्या टोकातून निरोगी रोप मिळवले. १९५८ मध्ये अमेरिकेत स्ट्युअर्ड यांनी गाजराच्या पेशींपासून सबंध रोपे उभी केली. त्यांच्या पोषणद्रव्यात नारळाचे पाणी होते, हे वाचून आपल्याकडच्या गृहिणीला नवल वाटणार नाही. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूच्या ऊतींसाठी क्षारांचे एक मिश्रण ठरवले, आणि मुराशिगे यांनीच सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये जरबेरा बाटलीत वाढवण्याची रीत प्रसिद्ध केली. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी १९६४ मध्ये धोतऱ्याच्या परागकोशांतून भ्रूण वाढवून दाखवले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बाटलीतल्या बांबूला फुले आणल्याची हकीकत १९९० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात छापून आली.

ही नावे मी एवढ्यासाठी दिली की या सर्वांनी आपापली कृती नियतकालिकांतून जगापुढे ठेवली. मुराशिगे-स्कूग यांचे मिश्रण आज जगभरच्या प्रयोगशाळांत रोजच्या पिठामिठासारखे वापरले जाते. पणतीवरून पणती लागावी तशी ही विद्या देशोदेशी गेली. विद्येच्या घरी दार उघडे आहे. दार बंद झाले ते त्या विद्येने वाढवायच्या फुलाच्या घरी.

आता बाटलीतला हिशेब पाहा. एका कोंबाचे महिन्याला तीन कोंब होतात असे धरू. दुसऱ्या महिन्यात नऊ, तिसऱ्यात सत्तावीस. दहाव्या महिन्याअखेर एकाचे ५९,०४९ होतील. प्रत्यक्षात काही बाटल्या बुरशीने जातात, काही रोपे बाहेरच्या हवेत तग धरत नाहीत. शिवाय फेऱ्या फार झाल्या की रोपांत विकृती शिरू लागते, म्हणून ठराविक फेऱ्यांनंतर पुन्हा मूळ झाडाकडे यावे लागते. तरीही एका झाडाचे हजारो होतात हे खरे. पण होतात म्हणजे आपोआप होत नाहीत. गाळलेल्या हवेच्या पेटीसमोर, डोक्याला टोपी आणि तोंडाला फडके बांधून, बहुधा मुली आणि बाया बसलेल्या असतात. बाजूला स्पिरिटचा दिवा जळत असतो. त्या ज्योतीत चिमटा आणि पाते तापवायचे, निववायचे, बाटलीतून झुबका काढायचा, कोंब वेगळे करायचे, नव्या बाटलीत टोचायचे, झाकण लावायचे; की पुन्हा चिमटा ज्योतीत. दिवसभर हेच. एकाचे तीन करणारा हात तो हा.

मग या हजारो रोपांचा धनी कोण?

पहिला हक्क सांगतो तो पैदासकार, म्हणजे नवा वाण निर्माण करणारा. त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले पाहिजे. तो दोन वाणांचा संकर करतो, त्यातून हजारो रोपे वाढवतो, वर्षानुवर्षे पारखतो आणि बाकी सारी उपटून टाकून एखाद-दुसरे ठेवतो. हे एक फूल हाती येईपर्यंतचा खर्च त्याने एकट्याने सोसलेला असतो. आणि ते बाजारात आले की पहिल्याच ग्राहकाने त्याची फांदी तोडून शेजाऱ्याला दिली, शेजाऱ्याने गावाला दिली, तर पैदासकाराच्या पदरी काय पडले? पणतीवरून पणती फुकट लागते हे खरे. पण पहिली पणती लावायला कोणीतरी काडी ओढलेली असते, तेल घातलेले असते. ते तेल घालायला पुढच्या वर्षी कोणी राहिलेच नाही, तर ओळ कशाने पेटणार? या म्हणण्यात लबाडी नाही. अमेरिकेने १९३० मध्येच झाडांवर पेटंट देणारा कायदा केला तो याच विचाराने; १९६१ मध्ये पॅरिसला नव्या वाणांच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला तोही याच विचाराने.

पण शोधणाऱ्याचे देणे फेडण्याचा हा एकच मार्ग आहे असे मात्र नाही. डॉ. बेंजामिन पिअरी पाल हे गव्हाचे मोठे पैदासकार, १९६५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. गुलाब हा त्यांचा छंद. त्यांनी गुलाबाचे कितीतरी वाण काढले आणि त्यांतल्या एकाला डॉ. होमी भाभा यांचे नाव दिले. असा माणूस समाजाच्या पगारावर जगतो. समाज त्याचे देणे आधीच चुकते करतो आणि मग फूल सर्वांचे होते. द्राक्षांची गोष्ट याहून बोलकी आहे. थॉमसन सीडलेस या जातीच्या वेलींवर एखादी काडी निसर्गाच्या लहरीने निराळी निघते. तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांच्या नजरेने अशी एक काडी टिपली आणि 'तास-ए-गणेश' हा वाण झाला. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांच्या नजरेने दुसरी टिपली आणि 'सोनाका' झाला. त्या वेळी आपल्या देशात वाणावर हक्क नोंदवण्याचा कायदाच नव्हता. काड्या गावोगाव गेल्या, नाशिकच्या बागांपर्यंत आल्या, आणि त्यांवर कितीक घरांची कौले चढली. आज त्याच नाशिकच्या बागांत परदेशी पैदासकारांच्या द्राक्षजाती परवान्याने येत आहेत.

या गोष्टींतून पैदासकाराच्या हक्काची मर्यादाही दिसते. आर्वे किंवा काळे यांनी ती काडी घडवली नाही; ओळखली. संकर करणारा पैदासकार याहून अधिक काही करतो हे कबूल, पण तोही रंगाचा एक कणदेखील शून्यातून निर्माण करीत नाही. बार्बर्टनच्या माळावर कोणाच्याही पाण्यावाचून जे फूल युगानुयुगे जगत आले, त्याच्या भांडवलावर हा सारा व्यापार उभा आहे, आणि त्या माळाचे नाव कोणत्याही पावतीवर नाही. तेव्हा पैदासकाराला मोबदला द्यायचा तो त्याच्या श्रमाचा, नजरेचा आणि धीराचा. जिवाचा मोबदला त्याला मागता येणार नाही, कारण जीव त्यालाही फुकटच मिळाला आहे.

आपल्या देशाने पॅरिसच्या करारात सामील न होता २००१ मध्ये स्वतःचा कायदा केला. त्याचे नावच 'वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क' असे आहे. एका बाजूला तो पैदासकाराला हक्क देतो, पण मुदतीचा: वृक्ष आणि वेली यांना जास्तीत जास्त १८ वर्षे, इतर पिकांना १५. दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखायला, पेरायला, देवघेव करायला, एवढेच नव्हे तर विकायलाही मुभा देतो; फक्त संरक्षित वाणाचे बियाणे छापाच्या पिशवीत घालून विकायचे नाही. आणि बियाणे या शब्दात ज्यापासून तसेच झाड उभे राहील असा अंकुरक्षम भाग येतो. याशिवाय जुने वाण ज्यांनी सांभाळले त्यांनाही काही मिळावे म्हणून एक राष्ट्रीय जनुक निधी ठेवला आहे. कायद्याची भाषा रुक्ष असते, पण या तरतुदींमागे कोणीतरी फांदी मागणाऱ्या शेजारणीची आठवण ठेवली होती, असे मला वाटते.

तरीही कायद्याने एक गोष्ट सुटत नाही. ती म्हणजे वाट्यांचा क्रम. जरबेराच्या रोपाची किंमत शेतकरी लागवडीच्या वेळी मोजतो आणि पैदासकाराचा वाटा, ज्याला तो सरळ रॉयल्टी म्हणतो, त्या किमतीतच असतो. म्हणजे पहिली कळी दिसण्याआधीच पैदासकाराचे देणे फिटलेले असते. प्रयोगशाळेतल्या बाईची मजुरीही, थोडी का होईना, महिन्याच्या महिन्याला मिळते. शेवटचा वाटा शेतकऱ्याचा. आणि तो गारपिटीच्या, वीजबिलाच्या, बँकेच्या हप्त्याच्या आणि प्लॅस्टिकच्या फुलांच्या पलीकडे असतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, लग्ने थांबली, देवळे मिटली. फुले मात्र फुलतच राहिली, कारण त्यांना टाळेबंदी समजत नाही. ती तोडली नाहीत तर झाड बिघडते, म्हणून शेतकऱ्यांनी ती रोज तोडली आणि उकिरड्यावर टाकली. शिवाय अडीच-तीन वर्षांनी झाडे थकली की पुन्हा नवी रोपे विकत आणायची. ज्याच्या आजोबाच्या घरात बियाण्याची कणगी होती आणि ज्याची आई दसऱ्याच्या तोरणातला वाळका झेंडू चोळून पुढल्या सालचे बी करीत असे, त्याच्या घरात आज पुढच्या हंगामाचा अंकुर नाही. फांदी न देण्याच्या अटीचे खरे वजन येथे कळते. त्या अटीने पैसा जातो हे एक वेळ सोसेल; पण पुढच्या हंगामाची सूत्रेही घराबाहेर जातात.

धनी कोण, याचे उत्तर शोधताना मला नाशिकजवळच्याच पांडवलेण्यांतला एक शिलालेख फार उपयोगी वाटतो. शहराच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगरात ही लेणी आहेत. त्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी एक दान कोरून ठेवले आहे. बेचाळिसाव्या वर्षी त्याने तीन हजार कार्षापण दिले. पण ते भिक्षूंच्या हाती दिले नाहीत. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले: एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक या व्याजाने, दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण या व्याजाने. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना या दोन हजारांच्या व्याजातून प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत. हिशेब करून पाहा. दोन हजारांचे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. कवडीचा फरक नाही! आणि अट अशी की, मुद्दल परत करायचे नाही, व्याज तेवढे भोगायचे. या व्यवस्थेला शिलालेखात अक्षयनीवी म्हटले आहे. याच लेखात चिखलपद्र गावी दिलेल्या नारळाच्या आठ हजार झाडांचाही उल्लेख आहे.

या व्यवहारात मुद्दलाचा मालक कोण ते सांगा पाहू. उषवदाताने दिले; त्याला ते परत मागता येत नाही. विणकरांच्या हाती आहे, पण खर्चून टाकता येत नाही. भिक्षूंच्या उपयोगाचे आहे, पण उचलून नेता येत नाही. तिघांचाही त्याच्याशी संबंध आहे, तिघांनाही त्यातून काही मिळते (विणकरांना निदान धंद्याला भांडवल मिळते), आणि तरी तिघांपैकी कोणीही त्याचा धनी नाही. पैशासारख्या, हातातून सहज निसटणाऱ्या वस्तूला त्या काळच्या माणसांनी फांदीचा धर्म लावून दाखवला: दिल्याने संपू नये असा. आम्ही आज नेमके उलटे करू पाहतो. जी फांदी स्वभावतःच अक्षय आहे तिला पैशाचा धर्म लावतो.

फुलाचा वाण ही अक्षयनीवीच समजली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. पैदासकाराने त्यात आपली भर घातली, त्याला व्याज मिळाले पाहिजे. ते देताना कुरकूर करू नये, चोरून गड्डे फोडून त्याला फसवूही नये. मनीप्लँटच्या चोरीचा शकुन येथे चालणार नाही. प्रयोगशाळेतल्या हाताला व्याज मिळाले पाहिजे, आणि ते आज मिळते त्याहून अधिक असावे. शेतकऱ्याला तर मिळालेच पाहिजे. त्याचा वाटा शेवटी येतो म्हणून तो उरल्यासुरल्याचा नसावा. फुले विकली गेल्यावर रॉयल्टी घ्यावी, लागवडीलाच घेऊ नये, अशी काही रीत बसवता आली तर जोखमीचे ओझे जरा सारखे वाटले जाईल. पण मुद्दल कोणाचेच नाही. ज्याच्या हाती ते आज आहे, त्याने ते राखून पुढे द्यायचे आहे.

यावर एक खोचक शंका घेता येईल, आणि ती खरी आहे. कोणी म्हणेल, मुद्दल सर्वांकडे परत येणारच आहे की. कायद्याने मुदत घातली आहे ना! पण कटफ्लॉवरच्या बाजारात रंगांची हौस चार-दोन वर्षांत फिटते. या वर्षीचा जरबेरा पंधरा वर्षांनी मोकळा होईल तेव्हा तो कोणाच्या बाटलीत शिल्लक असेल? प्रयोगशाळेने त्याच्या आईला कधीच रजा दिलेली असेल. सर्वांच्या हाती परत आले ते रिकामे भांडे, अशी गत व्हायची. उषवदाताची ठेव टिकावी म्हणून ती सांभाळणारी श्रेणी होती आणि तिची नोंद नगरसभेत केलेली होती. आमच्या फुलांची श्रेणी कोणती? पुण्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पुष्पसंशोधन संचालनालय आहे, राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. मुदत संपलेल्या वाणांच्या माता सांभाळून मागेल त्या शेतकऱ्याला रोप देणे, हे काम अशा संस्थांचे आहे. पण सारेच संस्थांवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही.

अमेरिकेतले झाडावरचे पहिले पेटंट १९३१ मध्ये एका वेली गुलाबाला मिळाले. 'न्यू डॉन', म्हणजे नवी पहाट, हे त्याचे नाव. तोही कोणी घडवलेला नव्हता. एका जुन्या गुलाबाच्या वेलीवर निसर्गाच्या लहरीने फुटलेली निराळी फांदी होती ती. जुनी वेल वर्षातून एकदा फुलायची, ही पुन्हा पुन्हा फुलू लागली, आणि एका माणसाच्या ते ध्यानात आले. सतरा वर्षे त्याच्या प्रत्येक रोपामागे हक्काचे पैसे द्यावे लागत होते. १९४८ मध्ये मुदत संपली. पेटंटाचा कागद आता केवळ इतिहासाचा आहे, पण तो फिकट गुलाबी गुलाब आजही देशोदेशींच्या कुंपणांवर फुलतो. कोणत्या कायद्याने त्याला जगवलेले नाही. हक्क होता तोवर लोकांनी पैसे दिले, हक्क संपल्यावर त्यांनी छाटी वाटल्या, आणि बाजाराची हौस दुसरीकडे वळली तेव्हाही कोणीतरी आपल्या फाटकावरची वेल उपटली नाही.

या दिवाळीत गुच्छ म्हणून घरी आलेला जरबेरा आठवडाभरात माना टाकील. त्याच्या दांड्याला मुळे फुटणार नाहीत, कारण ते फूल आहे, फांदी नव्हे. पण परसात जो जुना, नाव विसरलेला गुलाब आहे, आजीच्या हातची शेवंती आहे, कोणे एके काळी नाशिकच्या एखाद्या वाड्यातून आलेला मोगरा आहे, त्यांच्यावर कोणाचाही हक्क नोंदलेला नाही. ते मुद्दल आज आपल्याकडे आहे. कोणी मागायला आले तर द्यावे, आणि देताना ते कोणाकडून आले तेही सांगावे.